ग्राफमधला सपाट तुकडा: जिवाणू साखर आत कशी घेतात?

अगार_ताई (धागाकर्ती)

टीवायबीएस्सीचं प्रॅक्टिकल होतं. फ्लास्कमध्ये ई. कोलाय, खायला थोडं ग्लुकोज आणि थोडं लॅक्टोज. दर वीस मिनिटांनी कलरीमीटरवर रीडिंग घ्यायचं (द्रव जितका गढूळ, तितके जिवाणू वाढलेले) आणि शेवटी ग्राफ काढायचा. एका विद्यार्थिनीचा ग्राफ इतका देखणा आला की वर्गाला दाखवावा म्हणून मी तो उचलला. कागद उजेडात धरला तेव्हा दिसलं, की मधले दोन बिंदू खोडरबरने पुसलेत. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तिथे रीडिंग वाढतच नव्हतं. माझंच काहीतरी चुकलं असणार, म्हणून काढून टाकले."

त्या दोन पुसलेल्या बिंदूंत सगळा विषय होता. पुढची अनेक वर्षं मी हे प्रॅक्टिकल त्या ग्राफची गोष्ट सांगूनच सुरू करत आले. आता निवृत्त झाले. परवा भाचीच्या नोट्स चाळताना दिसलं, की लॅक ओपेरॉनला, म्हणजे लॅक्टोज वापरायच्या जनुकांच्या गटाला, चार पानं आहेत आणि साखर पेशीच्या आत येते कशी, याला एक ओळ. ती एक ओळ मला फार खटकली. म्हणून हा धागा.

तो सपाट तुकडा पहिल्यांदा नीट पाहिला जाक मोनो यांनी, १९४० च्या सुमारास, जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये. ते सॉरबॉनमध्ये प्रबंधाचं काम करत होते. प्रश्न साधाच होता: जिवाणूंना दोन साखरा एकदम दिल्या तर ते किती वेगाने वाढतात? काही जोड्यांत वाढ सरळ एका दमात व्हायची. पण ग्लुकोजसोबत सॉर्बिटॉल किंवा लॅक्टोज दिलं की ग्राफ वर चढायचा, थांबायचा, आडवा जायचा आणि मग पुन्हा चढायचा. जणू दोन जिने आणि मध्ये एक चौक. मोनोंनी ग्लुकोज आणि सॉर्बिटॉलचं प्रमाण बदलून पाहिलं, १:३, १:१ आणि ३:१. ग्लुकोज जितकं जास्त तितका पहिला जिना उंच झाला, आणि दुसरा तितकाच बुटका. म्हणजे जिवाणू आधी एक साखर संपवत होते, मग दुसरीला हात लावत होते. या दुहेरी वाढीला त्यांनी 'डायॉक्सी' हे नाव दिलं. ग्राफ घेऊन ते पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंद्रे ल्वॉफ यांच्याकडे गेले. एन्झाइम गरजेप्रमाणे तयार होतात, त्याच्याशी याचा संबंध असेल, असं ल्वॉफ म्हणाले. मोनोंनी तोवर ही कल्पना ऐकलीही नव्हती. १९६५ मध्ये मोनो, ल्वॉफ आणि फ्रांस्वा जाकोब या तिघांना मिळून नोबेल मिळालं.

इथून पुढची गोष्ट पुस्तकात असते. लॅक्टोज नसताना एक दमनक प्रथिन जनुकांवर बसून असतं, लॅक्टोज आलं की ते उठतं, एन्झाइम बनतात, वगैरे. ते सगळं खरं आहे. पण त्यात असं गृहीत धरलेलं असतं, की लॅक्टोज 'आलं'. कुठून आलं? कसं आलं?

जिवाणूचं पेशीपटल तेलकट असतं. साखर पाण्यात विरघळणारी, तिला त्यातून आपसूक शिरता येत नाही. ई. कोलायला तर दोन पटलं आहेत. बाहेरच्या पटलात पोरिन नावाची भोकं असतात, त्यांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) लहान रेणू सहज जातात. ते झालं गावाची वेस ओलांडण्यासारखं. घराचं दार आतल्या पटलात आहे आणि ते सताड उघडं कधीच नसतं.

हे दार खरोखर आहे, ही गोष्टसुद्धा सिद्ध करावी लागली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येच काही विचित्र उत्परिवर्ती, म्हणजे जनुकात बदल झालेले, ई. कोलाय सापडले होते. त्यांना लॅक्टोज दिलं तर उपाशी राहायचे. पण पेशी फोडून आतला रस काढला, तर लॅक्टोज तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज भरपूर असायचं आणि उत्तम काम करायचं. चूल पेटलेली, भांडी मांडलेली, आणि दाराला बाहेरून कडी. १९५६ मध्ये रिकेनबर्ग, कोहेन, ब्युत्तँ आणि मोनो यांनी किरणोत्सारी खूण असलेली, लॅक्टोजसारखी पण न पचणारी साखर वापरून दाखवलं, की तिला आत ओढून साठवणारं एक वेगळं प्रथिन आहे आणि तेही लॅक्टोजच्या चाहुलीनेच तयार होतं. त्याला त्यांनी 'पर्मिएज' म्हटलं.

हे पर्मिएज साखर ओढतं कसं? पेशी सतत प्रोटॉन बाहेर ढकलत असते, त्यामुळे बाहेर प्रोटॉनची गर्दी असते आणि त्यांना आत यायची ओढ असते. पर्मिएज एका प्रोटॉनला आत येऊ देतं, पण सोबत एक लॅक्टोज आणायच्या अटीवर. ही कल्पना पीटर मिचेल यांची, १९६३ ची. पुढे रॉन काबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या एका प्रथिनावर कित्येक वर्षं घालवली. त्यात ४१७ अमिनो आम्लं आहेत. त्यांनी जवळजवळ प्रत्येक जागचं अमिनो आम्ल एकेक करून बदलून पाहिलं, आणि साखर-प्रोटॉनच्या कामाला ज्यांच्यावाचून अडतंच अशी जेमतेम सहा निघाली. २००३ मध्ये त्याची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली: बारा नागमोडी खांब आणि मध्ये साखरेपुरती पोकळी. हे प्रथिन एका वेळी एकाच बाजूला उघडतं, बाहेर तरी नाहीतर आत तरी. दोन्हीकडून एकदम कधीच नाही, नाहीतर जमवलेलं सगळं वाहून जाईल.

आता ग्लुकोजकडे येते, कारण मला जे सांगायचंय ते इथे आहे.

ग्लुकोजचं दार निराळं. १९६४ मध्ये मिशिगन विद्यापीठात वेर्नर कुंडिग, सुधामय घोष आणि सॉल रोझमन एका भलत्याच साखरेला फॉस्फेट कोण लावतं ते शोधत होते. फॉस्फेट नेहमीच्या एटीपीकडून, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाकडून, येत नव्हता. तो येत होता पीईपीकडून, म्हणजे फॉस्फोएनॉलपायरुव्हेटकडून. त्यातून उलगडली ती फॉस्फोट्रान्स्फरेज यंत्रणा, थोडक्यात पीटीएस.

जुन्या काळी आग लागली की विहिरीपासून माणसांची रांग उभी राहायची आणि घागर हातोहात पुढे जायची. तसं इथे फॉस्फेट जातो. पीईपीकडून एन्झाइम-वनकडे, त्याच्याकडून एचपीआर नावाच्या चिमुकल्या प्रथिनाकडे, मग टू-ए, मग टू-बी. टू-बी ज्याला चिकटलेलं असतं ते टू-सी म्हणजे पटलातलं खरं दार. ग्लुकोज टू-सीमधून आत येता येताच त्याला फॉस्फेट लागतो. उंबरठ्यावरच कपाळाला टिळा लावून पाहुणा आत घेतात, तसंच. आणि टिळा लागलेल्या ग्लुकोजला परत त्या दाराने बाहेर जाता येत नाही.

खर्चाचा हिशेब बघा. एका ग्लुकोजपासून ग्लायकोलिसिसमध्ये, म्हणजे ग्लुकोज तोडायच्या साखळीत, दोन पीईपी बनतात. त्यातला एक पुढचं ग्लुकोज आत आणण्यात जातो. महाग वाटतं, पण ग्लुकोज पचवायची पहिली पायरी फॉस्फेट लावणं हीच असते. त्यासाठी एरवी एक एटीपी मोजावाच लागला असता. इथे एकाच किमतीत वाहतूकही झाली आणि पहिली पायरीही.

आणि याच रांगेत निवड ठरते. ग्लुकोज नसेल तेव्हा घागर पुढे घेणारा कुणी नसतो, म्हणून टू-ए फॉस्फेट हातात धरून उभं असतं. ग्लुकोज धो धो आत येत असेल तर आला फॉस्फेट की पुढे गेला, त्यामुळे टू-ए बहुतेक वेळ रिकाम्या हाताने असतं. हे रिकाम्या हाताचं टू-ए जाऊन लॅक्टोजच्या पर्मिएजला आतून चिकटतं आणि ते बंद करून टाकतं. लॅक्टोज आत येतच नाही. आत आलं नाही म्हणून दमनक उठत नाही. दमनक उठला नाही म्हणून एन्झाइम बनत नाहीत. याला इंड्यूसर एक्सक्लूजन म्हणतात. मी वर्गात 'दारबंदी' म्हणायचे.

पेशी आधी साखर आत घेऊन, तपासून, मग 'ही नको' असं ठरवत नाही. ग्लुकोज आत आणण्याच्या कामातच ग्लुकोज असल्याची बातमी आहे. त्यासाठी वेगळा पहारेकरी ठेवलेला नाही. आणणारा हातच कळवणाराही आहे. तीस वर्षं शिकवूनही या जागी येऊन मी दर वेळी थांबते.

ग्लुकोज संपलं की टू-एच्या हातात फॉस्फेट परत दिसू लागतो, पर्मिएज मोकळं होतं, लॅक्टोज आत झिरपू लागतं, आणि पेशी नवी प्रथिनं बनवायला बसते. त्या बनवण्याला वेळ लागतो. माझ्या विद्यार्थिनीने पुसलेले दोन बिंदू म्हणजे तो वेळ.

-----

ओसरी

सुंदर लिहिलंय ताई. टिळ्याची उपमा लक्षात राहील.

एक अडलं. पर्मिएज बनायला आत लॅक्टोज हवं आणि लॅक्टोज आत यायला पर्मिएज हवं. मग पहिलं लॅक्टोज आत आलं कसं?

-----

अगार_ताई

नेमका प्रश्न. दमनक काही कायमचा चिकटून बसलेला नसतो. मधूनच तो क्षणभर सुटतो आणि तेवढ्यात दोन-चार प्रथिनं बनून जातात. त्यामुळे लॅक्टोज कधीच न पाहिलेल्या पेशीतही थोडी पर्मिएज आणि थोडं बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं. खरं म्हणजे दमनकाला उठवतं ते लॅक्टोज स्वतः नाही, तर ॲलोलॅक्टोज. आणि ते बीटा-गॅलॅक्टोसिडेजच बनवतं. म्हणजे ती शिल्लक दोन्हीकडे लागतेच.

याचा एक परिणाम मला फार आवडतो. १९५७ मध्ये नोविक आणि वायनर यांनी उत्तेजक साखर अगदी बेताची दिली. सगळ्या पेशी थोड्या थोड्या जाग्या होतील असं वाटेल. तसं झालं नाही. काही पेशी पूर्ण जाग्या, बाकीच्या पूर्ण झोपलेल्या, अधलंमधलं कुणी नाही. कारण ज्या पेशीत नशिबाने पुरेशी पर्मिएज बनली ती जास्त साखर ओढते, त्यामुळे आणखी पर्मिएज बनवते, आणि तिला मागे फिरता येत नाही. जनुकं सगळ्यांची तीच, वागणं मात्र दोन तऱ्हांचं. आणि जाग्या पेशींच्या लेकीही जाग्याच राहतात.

-----

शेवंती

मी विज्ञानाची नाही, पण रोज दही लावते म्हणून प्रश्न पडला. दुधात लॅक्टोजच असतं ना? मग दह्यातले जिवाणूही आधी ग्लुकोज शोधत बसतात का?

-----

अगार_ताई

शेवंती, दह्यातला गडी अगदी उलटा वागतो!

स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस हा योगर्टच्या विरजणात असतो आणि आपल्या दह्यातही अनेकदा सापडतो. याला लॅक्टोज आणि ग्लुकोज दोन्ही दिलं तर लॅक्टोज जास्त आवडतं. ग्लुकोजवर तो रेंगाळतच वाढतो. पिढ्यान् पिढ्या दुधात काढल्या, त्याला लॅक्टोजचंच दार पक्कं.

आणि ते दार अजब आहे. लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. आत आल्यावर हा जोडी तोडतो, ग्लुकोज खातो, पण गॅलॅक्टोज बहुतेक जातींना वापरता येत नाही. मग तो त्याच दारातून गॅलॅक्टोज बाहेर देतो आणि बदल्यात नवं लॅक्टोज आत घेतो. रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. दोन्ही एकाच फेरीत झाल्यामुळे वेगळी ऊर्जा फारशी लागत नाही. असं गॅलॅक्टोज दह्यात आणि चीजमध्ये साठतं. पिझ्झ्यावरचं मोझरेला भट्टीत कधी कधी फार करपतं, त्यामागे हे शिल्लक गॅलॅक्टोज असतं.

आपल्या दह्यात दुसरा असतो लॅक्टोकॉकस लॅक्टिस. तो लॅक्टोजलाही पीटीएसने, टिळा लावूनच आत घेतो. गंमत अशी, की त्याची ही जनुकं बहुतेकदा मुख्य गुणसूत्रावर नसून प्लाझ्मिडवर असतात, म्हणजे वेगळ्या सुट्या वर्तुळावर. पेशी दुभंगताना ते वर्तुळ एखादीला मिळालं नाही, तर ती पेशी दुधात राहूनही दूध नीट वापरू शकत नाही. डेअरीवाल्यांना आपल्या कल्चरचा जोर मधूनच का उतरतो याचं कोडं होतं. १९७० च्या दशकात अमेरिकेत लॅरी मॅके यांनी त्याचं हे कारण दाखवलं.

-----

शेवंती

रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची! हे लेकीला सांगणार. मनापासून आभार.

-----

पिवळा_दिवा

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर आहे. ताईंनी सांगितलेली 'चूल पेटलेली, दाराला कडी' ही केस आमच्याकडे रोजची आहे, म्हणून लिहितो.

मॅकॉन्की प्लेटवर (लॅक्टोज आणि रंग घातलेलं जिवाणू वाढवायचं माध्यम) लॅक्टोज वापरणारे गुलाबी कॉलनी देतात आणि न वापरणारे फिकट. हगवणीच्या नमुन्यात फिकट कॉलनी दिसली की आम्ही साल्मोनेला-शिगेलाच्या दिशेने जातो. शिगेला सोनेई पहिल्या दिवशी फिकट असतो आणि प्लेट आणखी ठेवली तर हळूहळू गुलाबी होतो. पण ओएनपीजी, म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेजने तोडला की पिवळा होणारा रेणू, वापरून टेस्ट लावली तर पटकन पिवळा रंग येतो. म्हणजे बीटा-गॅलॅक्टोसिडेज आहे! अडचण आहे ती पर्मिएजची. ओएनपीजीचा रेणू पर्मिएजवाचूनही आत शिरतो, म्हणून आतलं एन्झाइम लगेच उघडं पडतं. डीएमएलटीला (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) आम्हाला 'लेट लॅक्टोज फर्मेंटर' एवढंच पाठ करायला लावलं होतं. कारण आज कळलं.

दुसरी गोष्ट फॉस्फोमायसिनची. लघवीच्या इन्फेक्शनला डॉक्टर पाण्यात घालून प्यायचं जे तीन ग्रॅमचं पाकीट देतात, तेच. त्याची टेस्ट लावताना माध्यमात ग्लुकोज-६-फॉस्फेट असावंच लागतं, दर मिलीलीटरला २५ मायक्रोग्रॅम. डिस्कमध्ये ते आधीच घातलेलं असतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. ताई, याचाही दाराशीच संबंध आहे ना?

-----

अगार_ताई

पिवळा_दिवा, तुमचा प्रतिसाद मूळ लेखात असायला हवा होता. हो, दाराशीच.

फॉस्फोमायसिनला स्वतःचं दार नाही. ते जिवाणूच्या दोन दारांतून घुसतं: एक ग्लिसरॉल-फॉस्फेटचं आणि दुसरं ग्लुकोज-६-फॉस्फेटसारख्या फॉस्फेट लागलेल्या साखरांचं. हे दुसरं दार पेशी एरवी बांधतच नाही. बाहेर ग्लुकोज-६-फॉस्फेट आहे, असा निरोप मिळाला तरच बांधते. प्लेटमध्ये ते घातलं नाही तर औषध आत पुरेसं जाणार नाही, आणि ज्याच्यावर औषध चालतं तो जिवाणू उगाच रेझिस्टंट दिसेल. रिपोर्ट चुकेल.

आत गेल्यावर हे औषध पीईपीचं सोंग घेतं! भिंत बांधायच्या कामातलं एक एन्झाइम पीईपी वापरतं, त्याच्या जागी हे जाऊन बसतं आणि काम बंद पाडतं.

ई. कोलाय फॉस्फोमायसिनला दाद देईनासे होतात तेव्हा अनेकदा यातलं एक दारच मोडलेलं असतं. कधी पीटीएसमधला एन्झाइम-वन बिघडलेला असतो. कारण ही दारं बांधायला सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या लागतो, आणि तो पीटीएसच्या हालचालीवर अवलंबून असतो. रेझिस्टन्स म्हटलं की आपल्याला औषध तोडणारी एन्झाइम आठवतात. इथे जिवाणूने दार बुजवून टाकलेलं असतं आणि त्याच दाराने येणाऱ्या अन्नावरही पाणी सोडलेलं असतं.

-----

गाळप_हंगाम

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करतो. आमचा शत्रू ल्यूकोनोस्टॉक. त्याने तर साखर आत घ्यायची पद्धतच वेगळी काढलीय, म्हणून लिहावंसं वाटलं.

ऊस तोडला आणि वाहन मिळालं नाही म्हणून दोन-तीन दिवस फडात किंवा यार्डात पडला, की कापलेल्या टोकांतून हा शिरतो. उन्हाच्या दिवसांत आणखी लवकर. हा डेक्स्ट्रानसुक्रेज नावाचं एन्झाइम पेशीच्या बाहेर सोडतो. ते उसातल्या सुक्रोजची जोडी बाहेरच तोडतं, त्यातले ग्लुकोज एकापुढे एक गुंफून लांबलचक बुळबुळीत डेक्स्ट्रान बनवतं आणि फ्रुक्टोज मोकळं करतं. ते फ्रुक्टोज जिवाणू खातो. म्हणजे निम्मी साखर खाल्ली आणि निम्मीचा चिखल केला.

आम्हाला त्रास दुहेरी. साखर गेली ती गेलीच. वर रस चिकट होतो, गाळायला वेळ लागतो, पॅनमध्ये स्फटिक नीट चौकोनी न वाढता लांबट, सुईसारखे होतात. आणि डेक्स्ट्रान पोलॅरिमीटरमध्ये प्रकाश सुक्रोजपेक्षाही जास्त फिरवतो, त्यामुळे पोल, म्हणजे त्यावरून मोजलेली साखर, जास्त दिसतो. कागदावर साखर दिसते, पोत्यात भरत नाही. शिळ्या उसाचा उतारा का घटतो हे शेतकऱ्याला समजावताना मी आता हे सांगतो. ऊस वजनकाट्यावर लवकर आणा म्हणून आम्ही मागे लागतो, त्याचं हे कारण आहे.

-----

भीमथडी

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मी मेकॅनिकल इंजिनिअर, म्हणून एक सरळ प्रश्न. एवढ्या रांगा, टिळे, प्रोटॉन कशाला? ग्लुकोज बाहेर असेल तर पटलात ग्लुकोजच्या मापाचं भोक ठेवा, आपोआप आत येईल. पंप लावायचा खर्च का?

-----

अगार_ताई

भीमथडी, भोक चालतं, पण बाहेर पाक असेल तरच.

एक जिवाणू अगदी तुम्ही म्हणता तसंच करतो: झायमोमोनास मोबिलिस. मेक्सिकोतल्या पुल्के या मद्यात आणि ताडामाडाच्या रसापासून होणाऱ्या मद्यांत तो राहतो. तिथे गोडवाच इतका, की त्याला ओढून आणायची गरजच नाही. त्याच्या पटलात ग्लुकोजचा नुसता सुलभ मार्ग आहे, कोणतीही ऊर्जा न लागणारा. साखर उतारावरून वाहत आत येते आणि हा ती तितक्याच वेगाने जाळून अल्कोहोल करतो. आतली साखर सतत कमी ठेवली की उतार टिकतो.

पण ई. कोलायचं आयुष्य तसं नाही. आतड्यात शेजारीपाजारी टपलेले, आणि बाहेर पाण्यात पडला तर साखर जवळजवळ शून्य. तिथे भोक ठेवलं तर आतली साखरच बाहेर जाईल. म्हणून पंप. आणि एकच पंप नाही. ग्लुकोज मुबलक असताना पीटीएस पुरतं. ग्लुकोजचं प्रमाण अगदी मायक्रोमोलरच्या खाली, म्हणजे नावापुरतं उरलं, की ई. कोलाय आणखी चिकाटीचं दार काढतो. एक प्रथिन दोन पटलांमधल्या जागेत फिरून साखरेचा एकेक रेणू पकडतं आणि आतल्या पटलातल्या दाराकडे सोपवतं. ते दार एटीपी जाळून उघडतं. अशा उपासमारीत तो बाहेरच्या पटलातली माल्टोजची मोठी भोकंही वाढवतो, ग्लुकोजलाच जास्त वाट मिळावी म्हणून.

त्या माल्टोजच्या भोकाचं नाव लॅम-बी. लॅम म्हणजे लॅम्डा. लॅम्डा हा विषाणू ई. कोलायला नेमका तिथेच चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. दार वाढवावं तर अन्न जास्त येतं आणि वैऱ्यालाही जागा होते.

-----

ओसरी

ताई, पुन्हा मीच. तुम्ही वर सायक्लिक एएमपी म्हणालात. आम्ही तर हेच शिकलो, की ग्लुकोज असलं की सायक्लिक एएमपी कमी होतं आणि म्हणून लॅक ओपेरॉन बंद राहतो. मूळ लेखात तुम्ही त्याचं नावही घेतलं नाहीत. ते चुकीचं आहे का?

-----

अगार_ताई

मुद्दाम घेतलं नव्हतं, कारण ते नीट सांगायला वेगळी जागा हवी होती. बरं झालं विचारलंत.

१९६५ मध्ये मॅकमन आणि सदरलँड यांनी दाखवलं, की ग्लुकोज दिलं की ई. कोलायमधलं सायक्लिक एएमपी घटतं. पुढे कळलं, की लॅक जनुकं जोमाने चालायला सायक्लिक एएमपी आणि त्याला धरणारं सीआरपी हे प्रथिन लागतं. हातात फॉस्फेट असलेलं टू-ए सायक्लिक एएमपी बनवणाऱ्या एन्झाइमला चालना देतं, हेही खरं. तिन्ही गोष्टी जोडून पुस्तकांनी निष्कर्ष काढला: डायॉक्सीचं कारण सायक्लिक एएमपी.

१९९६ मध्ये जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या इनादा, किमाता आणि आइबा यांनी तो सपाट तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजू काळजीपूर्वक मोजल्या. ग्लुकोजवर वाढतानाचं आणि नंतर लॅक्टोजवर वाढतानाचं सायक्लिक एएमपी जवळपास सारखंच निघालं. मग फरक कशाने पडतो? दारबंदीने. ग्लुकोज-लॅक्टोजच्या जोडीत निवड घडवणारं मुख्य कारण इंड्यूसर एक्सक्लूजन आहे, असं त्यांनी मांडलं.

म्हणजे सायक्लिक एएमपी चुकीचं नाही. फॉस्फोमायसिनच्या दारांसारख्या इतर कितीतरी जनुकांना ते हवंच. पण या ग्राफचं श्रेय त्याला देणं बरोबर नाही. मी स्वतः २००० च्या पुढेही काही वर्षं जुनंच शिकवत होते. त्या बॅचमधलं कुणी हे वाचत असेल, तर कृपया तुमच्या नोट्समध्ये दुरुस्ती करून घ्या.

-----

नीरव_३७

सध्या अमेरिकेत पीएचडी करतोय, विषय जिवाणूंमधले छोटे आरएनए. एक भर घालतो, कारण सगळी चर्चा साखर कमी पडण्याबद्दल चाललीय. साखर जास्त झाली तरी पेशी मरणाच्या दारात जाते.

टिळा लागलेलं ग्लुकोज बाहेर जात नाही, असं ताईंनी लिहिलंय. पुढची पायरी काही कारणाने अडली, तर आत फॉस्फेट लागलेली साखर तुंबते आणि ती विषारी ठरते, वाढ थांबते. तेव्हा ई. कोलाय एसजीआरएस नावाचा २२७ अक्षरांचा एक छोटा आरएनए बनवतो. ग्लुकोजच्या दाराची कृती ज्या निरोप-आरएनएवर लिहिलेली असते, त्याला तो जाऊन जोडला जातो. त्या निरोपाचं वाचन थांबतं आणि तो निरोप फाडलाही जातो. म्हणजे नवीन दारं बनणं बंद. पण जुनी दारं तर आहेतच ना? त्यासाठी याच आरएनएवर ४३ अमिनो आम्लांच्या एका इवल्या प्रथिनाची कृतीही लिहिलेली आहे. ते प्रथिन जाऊन उभ्या असलेल्या दारालाच अडवतं. एकाच तुकड्यात दोन उपाय. २००४ मध्ये कॅरिन व्हँडरपूल आणि सुसान गॉट्समन यांनी एसजीआरएसचं निरोप अडवायचं काम उलगडलं, त्या इवल्या प्रथिनाचं काम नंतर कळलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नव्हती.

-----

शेवंती

अजून एक विचारू का? मुलीच्या डेंटिस्टनी झायलिटॉलचं च्युइंग गम सांगितलंय. ते गोड असूनही दात किडत नाहीत म्हणे. ते पण दाराचंच काही आहे का?

-----

अगार_ताई

आहे तर! दात किडवणाऱ्यांत पुढे असणारा स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स फ्रुक्टोजसाठी एक पीटीएस ठेवतो. झायलिटॉल त्याच दाराने फसवून आत जातं आणि नियमाप्रमाणे त्याला टिळाही लागतो. पण पुढे ते पचवायची सोयच नाही. पीईपी खर्च होतो, हाती काही लागत नाही, आणि तुंबलेलं झायलिटॉल-फॉस्फेट त्रास देतं. नीरवने सांगितलं तेच, फक्त दुसऱ्या घरात. आम्लही बनत नाही, म्हणून दात वाचतो. मात्र घरी कुत्रा असेल तर हे गम त्याच्या हाती लागू देऊ नका. त्यांना झायलिटॉल खरंच घातक असतं.

-----

कोरा_कागद

नमस्कार मॅडम. टीवायला आहे, रोज वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. आमच्या लॅबमध्ये हे प्रॅक्टिकल लावायची परवानगी मिळाली आहे. मागच्या वर्षीच्या बॅचला सपाट भाग दिसलाच नव्हता. काय काळजी घेऊ?

-----

अगार_ताई

छान! सगळ्यात आधी माध्यम. न्यूट्रिएंट ब्रॉथ घेऊ नकोस. त्यातल्या पेप्टोनवर, म्हणजे अर्धवट पचवलेल्या प्रथिनांवर, जिवाणू वाढत राहतात आणि सपाट भाग झाकला जातो. मागच्या बॅचचं बहुधा तेच झालं असेल. एम-९ सारखं साधं क्षारांचं माध्यम घे. त्यात लिटरला अर्धा ग्रॅम ग्लुकोज आणि दीड ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे मोनोंचंच १:३. जिवाणू आदल्या रात्री फक्त ग्लुकोजवर वाढवलेले हवेत. लॅक्टोजवर वाढवलेस तर पर्मिएज आधीच तयार असेल आणि थांबा दिसणार नाही. फ्लास्क ३७ अंशांवर हलता ठेव. साधा के-१२ (प्रयोगशाळेतला नेहमीचा ई. कोलाय) घे, दवाखान्यातून आलेला नमुना नको.

रीडिंग सुरुवातीला वीस मिनिटांनी चालेल, पण चढ मंदावतोय असं वाटलं की दर दहा मिनिटांनी घे. आणि सगळे बिंदू पेनने मांड.

-----

कोरा_कागद

शनिवारी लावते. ग्राफचा फोटो इथेच टाकेन, पेनने काढलेला.